दीड लिटरची कंबर

पन्नाशीनंतर कंबर हा श्रद्धेचा विषय होतो. शिंप्याची टेप जिथे थांबते ती कंबर, असं मानून आपण वर्षानुवर्षं पँटी शिवून घेतो आणि दोन्ही पक्ष खोलात जात नाहीत. मीही गेलो नसतो. पण सायकलवर पाणी कंबरेला बांधून न्यायचं मनात आलं, त्यासाठीची पिशवी शोधायला बसलो, आणि जगातल्या तमाम कंपन्यांनी एकमुखाने सांगितलं की आधी कंबर दाखवा.

प्रकरण ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हायड्रेशन हिप पॅक म्हणजे माकडहाडाच्या जरा वर, मागच्या बाजूला बांधायची चपटी बॅग. तिच्यात बहुधा दीड लिटर पाण्याची मऊ प्लॅस्टिकची पिशवी असते. या पिशवीला ब्लॅडर म्हणतात. हा शब्द घरात मोठ्याने उच्चारू नये. मी फोनवर ‘ब्लॅडर गळतं का?’ असं कुणाला तरी विचारत होतो, तर आईने संध्याकाळी धण्याचं पाणी करून ठेवलं. तर या ब्लॅडरमधून एक नळी निघते, कंबरेला वळसा घालून पुढे येते आणि तिच्या टोकाला रबरी बोंडी असते. बोंडी चावून ओढलं की पाणी येतं, सोडली की बंद.

आता, बाटल्यांनी काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. सायकलच्या फ्रेमला दोन बाटल्या सुखाने बसतात. पण मला बाईकपॅकिंग करायचं होतं, म्हणजे कॅरिअर न लावता सगळं बिऱ्हाड पट्ट्यांनी सायकलच्या अंगाला आवळून भटकायचं. हँडलला तंबूची वळकटी, सीटखाली कपड्यांची लांबुडकी पिशवी आणि फ्रेमच्या त्रिकोणात फ्रेमबॅग. ही फ्रेमबॅग आली की बाटल्या बेघर होतात.

“मग कॅरिअरच लावा ना. दूधवाले लावतात तसं,” बायको म्हणाली.

ही सूचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे तिला उत्तर देता येत नाही.

पाठीवरची सॅक मी आधी वापरून सोडली होती. ठाण्यात मे महिन्यात घाम येतो, पण जात नाही. हवेतच एवढं पाणी असतं की घामाला वाळायला सवड मिळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. त्यात पाठीवर सॅक म्हणजे उरलीसुरली खिडकीही बंद. मेट्रोच्या खांबांखालून कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली करत गायमुखला पोचेपर्यंत पाठ आणि सॅक यांचा असा काही संबंध जुळतो की दोघांना वेगळं करताना आवाज होतो. हिप पॅकने पाठ मोकळी राहते, वजन खाली राहतं आणि येऊरच्या चढावर पेडलवर उभं राहिलं तरी मानेशी काही झोके घेत नाही. कागदावर तरी असंच होतं.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्या वेळी छागल असायची. तुझे बाबा रेल्वेच्या खिडकीला बाहेरून अडकवायचे. मनमाडपर्यंत पाणी असं गार व्हायचं! ती लाव की सायकलला.”

छागलीचं तंत्र खरोखर उत्तम होतं. जाड कॅनव्हासमधून पाणी हळूहळू पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि आतलं पाणी गार ठेवतं. फक्त छागलसुद्धा वाळण्यावरच चालते. ती मनमाडला शोभते. ठाण्याच्या हवेत ती नुसती गळेल आणि माझी सायकल जिथे उभी राहील तिथे लोक वर बघून कुणाचा एसी गळतोय ते शोधतील.

सगळ्यात अवघड प्रश्न मेहुण्याने विचारला. “पाणी न्यायचंच कशाला? नाशिक हायवेला दर दोन मिनिटांना ढाबा आहे.” तो चारचाकीतून जातो, त्यामुळे त्याची दोन मिनिटं वेगळी. तरी मुद्दा खरा आहे. भिवंडी, पडघा, शहापूर या रस्त्यावर तहानेने कोणी मरत नाही, मेलाच तर धुळीने. पण मला जायचं होतं वाड्यावरून जव्हारला आणि पुढे मोखाडा, खोडाळ्याकडे. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, सगळं पाणी उतारावरून पळून जातं आणि एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. बायका हंड्यावर हंडा ठेवून चढ चढत असतात. अशा ठिकाणी आपण हेल्मेट घालून, महागाच्या सायकलवरून उतरून ‘ताई, पाणी मिळेल का?’ विचारायचं. मिळतं. नेहमी मिळतं, तांब्या भरून मिळतं आणि वर ‘अजून घ्या’ म्हणतात. तेच पुरेसं लाजिरवाणं आहे. त्यामुळे आपलं पाणी आपण न्यायचं, एवढं माझं पक्कं होतं. कशातून, तेवढाच घोळ.

हा घोळ मी येऊर उतरल्यावर उपवनच्या कट्ट्यावर चहाबरोबर मांडला. तिथे आमच्या सायकलवाल्यांचं विद्यापीठ भरतं. एकजण म्हणाला, दीड लिटरच्या वर कंबरेला न्यायचंच नाही, लिटरमागे किलो धर, पॅक खाली ओघळतो. दुसरा म्हणाला, नळीबिळी सगळं थोतांड, दोन बाटल्या खोचायचा हिप पॅक घे, निदान धुता तरी येतं. तिसऱ्याने पाणी या विषयाला बगल देऊन माझ्या चेनचा आवाज कसा येतोय ते सांगितलं. चौथा, ज्याला आम्ही डॉक्टर म्हणतो पण जो बँकेत आहे, त्याने ‘रिकामा असताना पॅक कसा बसतो याला अर्थ नाही, भरून बघ’ हा एकच शहाणपणाचा सल्ला दिला आणि चहाचे पैसे मात्र माझ्याकडे ढकलले. प्रत्येकाने आपण जे विकत घेतलं होतं तेच योग्य असल्याचं शास्त्राधारे सिद्ध केलं. या बाबतीत सायकलवाले आणि मुलीचे आईवडील सारखेच.

मला स्वतःला सगळ्यात पटला तो या प्रकाराचा मूळ पुरुष. 1989 साली टेक्सासमधल्या विचिता फॉल्स गावी ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांची सायकल राइड होती. तिचं नावच ‘हॉटर अन् हेल हंड्रेड’. मायकल आयडसन नावाचा, आपत्कालीन वैद्यकीय सेवेतला एक गडी त्यात उतरला होता. त्याने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात कोंबली, मोजा जर्सीच्या पाठीला लावला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिचं तोंड कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केलं. यातूनच पुढे कॅमलबॅक कंपनी उभी राहिली. म्हणजे आज ज्या वस्तूच्या किमतीत महिन्याचा किराणा येतो, तिचा पहिला नमुना एक मोजा आणि एक चिमटा एवढ्यात झाला होता. हे मी घरी सांगितलं नाही. बायकोने कपाटातून मोजाच काढून दिला असता.

शेवटी क्रीडासाहित्याच्या एका मोठ्या दुकानात गेलो. पॅकवर ‘चार लिटर’ लिहिलेलं बघून मी हरखलो. मग कळलं की त्यातले दीड लिटर पाण्याचेच. उरलेल्या अडीच लिटरमध्ये ट्यूब, टायर लिव्हर, पंप, पाने, फोन, किल्ल्या आणि ओआरएसची पाकिटं. यात बायकोच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा धरलेला नाही. तो कोणत्याच कंपनीने धरलेला नाही.

डॉक्टरचा सल्ला आठवून मी विक्रेत्या मुलाला म्हटलं, “यात पाणी भरून बघता येईल का?” तो मॅनेजरला विचारायला गेला. मॅनेजर अजून वरच्या मॅनेजरला विचारायला गेला. तोवर मी शेजारच्या फडताळातून विकत घेतलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पॅकमध्ये कोंबल्या आणि पट्टा आवळला. उभं असताना छान बसला. पण सायकलवर माणूस उभा नसतो. म्हणून बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि योगाच्या चटया यांच्या मधल्या वाटेत मी कंबरेतून वाकलो, हात अदृश्य हँडलवर ठेवले, मान वर केली आणि थोडं पेडल मारून बघितलं.

“काका, पाठ धरली का?” मुलगा धावत आला. मागून एक आजी म्हणाल्या, “बाळा, त्यांना आधी बसव.”

त्या अवस्थेत मला मूळ अडचण दिसली. म्हणजे तीच काय ती दिसली, कारण तिच्यापलीकडचं दिसत नव्हतं. पट्टा खुब्याच्या हाडांच्या वरच्या काठावर टेकला पाहिजे, म्हणजे वजन हाडं पेलतात. माझ्या हाडांवर मात्र वरून आक्रमण झालेलं. वाकलं की पोट पट्ट्यावर येऊन बसतं, पट्टा खाली सरकतो, मागचा पॅक त्याच्यामागे निघतो आणि दीड लिटर पाणी सीटवर टेकून माझ्याआधी विश्रांती घेतं. दुसरा पॅक बघितला, रुंद पट्ट्याचा. तो सरकत नव्हता, पण त्यात श्वास घ्यायची सोय नव्हती. तिसऱ्याची नळी लोहचुंबकाने पट्ट्यावर चिकटत होती. चुंबक नेमकं पोटाखाली गेलं, त्यामुळे नळी परत लावायला दर वेळी अंदाजाने चाचपावं लागत होतं. दुकानात लोक बघतात.

घरी आल्यावर बायकोला सगळी भूमिती समजावून सांगितली.

“आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. इतक्या जुन्या म्हणीत पखाल, म्हणजे पाण्याची कातडी पिशवीही आहे आणि मीही आहे, याचा क्षणभर अचंबा वाटला.

तरी घेतला. रुंद पट्ट्याचाच. जांभळी नाक्याजवळच्या फुटपाथवरच्या चर्मकारदादांकडून पट्ट्याला वीतभर तुकडा जोडून घेतला. त्यांनी जुन्या दप्तराचा मजबूत पट्टा वापरला, दुहेरी शिलाई मारली आणि ‘आता वाढलात तरी चालेल’ अशी हमी दिली. कंपनीच्या हमीपत्रात हे कलम नव्हतं.

पुढच्या रविवारी पॅक आणि फ्लोरोसंट जॅकेट घालून तलावपाळीला मित्रांची वाट बघत उभा होतो. नळी बघायची म्हणून पॅक पुढे फिरवून पोटावर घेतला होता, पॅकची चेन उघडी होती. एक गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली. वीसची नोट बाहेर आली.

“तासाभरात येतो. पावती राहू द्या.”

मी समजावून सांगेपर्यंत ते गृहस्थ गडकरी नाट्यगृहाच्या दिशेने गेलेसुद्धा. गाडी सोडून जाववेना. मित्र आले, थांबले, हसले, चहा पिऊन आले. गृहस्थ बाहेर आल्यावर मी नोट परत केली, तर ते म्हणाले, “कमी पडले का?”

पॅक विकत घेणं ही सुरुवात असते, हे कुणी सांगत नाही. ब्लॅडर पाण्याने भरलं तरी आत हवा राहते आणि प्रत्येक खड्ड्याला पाणी डचमळतं. घोडबंदरला म्हणजे सलग डचमळतं. उपाय असा की भरलेलं ब्लॅडर उलटं धरायचं, हवा नळीपाशी आली की ती तोंडाने ओढून घ्यायची. पहाटे पाचला, स्वयंपाकघरातल्या अंधुक उजेडात, मी डोक्यावर पाण्याची पिशवी धरून नळी चोखतोय आणि आई दारात उभी, हे दृश्य आमच्या दोघांच्याही स्मरणातून जायला वेळ लागेल. ती काही बोलली नाही. देवाचा दिवा मात्र त्या दिवशी लवकर लागला.

दुसरं म्हणजे या पिशवीत फक्त पाणी. सरबत, कोकम, ओआरएस काहीही साखरेचं घातलं की नळीत काळी बुरशी धरते. ओआरएस वेगळ्या छोट्या बाटलीत न्यावं. आणि नुसतं पाणी असलं तरी घरी आल्यावर पिशवी धुवून पूर्ण वाळवावी लागते. वाळवणं म्हणजे पुन्हा ठाण्याची हवा. पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटतात, मग आत पळी उभी घालून त्या फाकवायच्या, नळी सुटी करून लोंबू द्यायची आणि सगळं बाल्कनीतल्या दोरीला टांगायचं. काही लोक वाळवण्याच्या भानगडीत न पडता ओली पिशवी फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे बुरशी धरत नाही. आमच्या फ्रीजरमध्ये वाटाणे आणि खोवलेलं खोबरं यांची वहिवाट आहे, तिथे मला जागा मिळाली नाही.

म्हणून बाल्कनी. पारदर्शक पिशवी, खाली नळी, आत थोडे थेंब. खालीच खुर्ची टाकून आई पेपर वाचत बसली होती. समोरच्या विंगमधून एवढंच दिसत असणार.

दुपारी बेल वाजली. समोरच्या वहिनी, हातात दोन शहाळी.

“आईंना घरीच सलाईन लावलंय, काही बोलला नाहीत ते. आता कसं वाटतंय?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण आईने आतूनच क्षीण आवाजात “बरं आहे आता, ये, बस,” असं म्हटलं. वहिनी अर्धा तास बसल्या. आईने गुडघ्यांपासून सुरुवात करून सगळी तब्येत सांगितली. जाताना वहिनी मला म्हणाल्या, “त्यांच्याकडे लक्ष द्या, सायकली काय नंतरही फिरवता येतात.”

दार लावल्यावर आई ताठ उठून बसली. “शहाळ्याचं पाणी चालतं का रे त्या तुझ्या पिशवीत?”

“नाही. साखर असते. बुरशी धरते.”

“मग कोयता आण,” आई म्हणाली, “दोन्ही मीच पिते.”