खुलासा : खोताच्या वाडीत खून झालेला नाही
‘गिरगावात खोताच्या वाडीत रात्री खून, पोलिसांनी गल्ली बंद केली’ असा मेसेज फोटोसह फिरतोय. खून झालेला नाही. तिथं एका रहस्यपटाचं शूटिंग चालू आहे. मी वाडीतच राहतो, काल समोर उभा होतो. फोटोतली पिवळी पट्टी युनिटच्याच माणसांनी बांधलेली. फरशीवरचं ‘रक्त’ शॉट ओके झाल्यावर स्पॉटबॉयनं बादलीभर पाण्यानं धुऊन काढलं. फोटो मोठा करून पाहा, उजव्या कोपऱ्यात लाइटचा स्टँड दिसतो. जुनी लाकडी घरं, अरुंद बोळ, त्यामुळे कॅमेरे इथं यायचेच. पण शेजारच्या आजी एकट्या राहतात. मेसेज वाचून त्यांनी दिवसभर दार उघडलं नाही. कृपया तो पुढं पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथं हा खुलासाही टाका.