गोंदण, भिंत आणि फोटो

शरीराचे फोटो कापडावर, भिंतीवर उमटवून मांडणीशिल्प (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती, इन्स्टॉलेशन) करणं ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली, असं अशा कामांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. बडोद्यात राहून हे मला अजिबात पटत नाही. चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट इथल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स शाखेत शिकले, इथेच त्यांनी शिकवलं. १९६७च्या सुमारापासून गावोगावच्या भिंतींवरची, अंगणातली चित्रं त्यांनी कॅमेऱ्यात पकडली आणि बायकांच्या अंगावरचं गोंदणही. माती आणि कातडी, दोन्ही चित्राच्या जागा! मांडणीशिल्प नसेल ते, पण विचार तोच आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजेसासूबाईंच्या हातावर तुळशीवृंदावन होतं. सुरकुत्यांमुळे त्याच्या सरळ रेघा मोडल्या होत्या, हिरवा रंग कडेला पसरला होता. पृष्ठभाग चित्र बदलतो म्हणजे काय, ते तिथे दिसायचं.

म्हणूनच छपाई कशावर आहे याचा लेखात उल्लेखही नाही, हे खटकलं. सायनोटाइपमध्ये (ही उन्हाने निळे फोटो छापायची १८४२ची, जॉन हर्शेल यांची पद्धत) लोहाच्या क्षारांचं द्रावण सुती कापडात मुरतं, ऊन लागलं की निळं होतं, आणि पाठीचा किंवा तळव्याचा फोटो विणीतच बसतो. फ्लेक्सवर तोच फोटो नुसता वर चिकटल्यासारखा वाटतो, त्वचेबद्दल काहीच सांगत नाही. पुढच्या लेखात कापड, कागद, गिलावा यांची नावं जरूर द्या, आणि काम मागच्या बाजूनेही पाहता येत होतं का तेही लिहा.