चार किलो मांगूर आणि एक फॉरवर्ड

शनिवारी संध्याकाळी मामांचा फोन आला. "चार किलो जिवंत मांगूर आणलेत. सकाळी गाडी घेऊन ये, गावतळ्यात सोडून येऊ. पुण्यही होईल आणि पुढच्या वर्षी तुझ्या गळालाही काहीतरी बरं लागेल." मामा आयुष्यात कधी गळ धरून बसलेले नाहीत. त्यांना हे सुचलं ते "गळप्रेमींनो, जागे व्हा!" या मेसेजमुळे. मलाही तो आठवडाभरात चौघांनी पाठवला होता आणि मी न वाचता उडवला होता. त्या रात्री वाचावा लागला.

मेसेजात पाच मुद्दे आहेत. गळाला कुठलाच कायदा लागत नाही, तळ्यातला मासा कुणाच्या बापाचा नाही. पावसाळी बंदी फक्त ट्रॉलरवाल्यांना आहे, तेव्हा चढणीचे मासे मनसोक्त धरा. पकडून सोडलेल्या माशाला काहीही होत नाही. नद्यांतले मासे जाळेवाल्यांनी संपवले. आणि शेवटचा, ठळक अक्षरांत: मासे कमी झाले असतील तर बाजारातून जिवंत मांगूर आणून सोडा, तो घाण खाऊन पाणी स्वच्छ ठेवतो.

या शेवटच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो आता रंगाच्या रिकाम्या बादलीत मामांच्या अंगणात होता.

बाजारात जिवंत मिळणारा मोठा मांगूर बहुतेक वेळा आपला देशी मागूर नसतोच. तो आफ्रिकन असतो. थाई मांगूर म्हणतात तोच. देशी मागूर हातभरही होत नाही, हा मीटरभराच्या वर जातो. याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. तरी शेततळ्यांत चोरून धंदा चालूच राहिला, म्हणून 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असलेले साठे नष्ट करा असं सांगितलं. सरकार जो मासा खड्ड्यात पुरायला लावतं, तो आपण पुण्य म्हणून तळ्यात सोडायचा!

"घाण खातो" हे अर्धं खरं आहे. कोंबड्यांची आतडी, कत्तलखान्यातला कचरा, सगळं खातो, म्हणून तर तो स्वस्तात वाढतो. पण तळ्यात आतडी नसली की तो लहान मासे, बेडूक आणि अंडी खातो. पाणी तसंच घाण राहतं, आणि आतले बाकीचे मासे कमी होतात. शिवाय त्याला हवेतूनही श्वास घेता येतो. जिथे रोहू उलटा होऊन तरंगतो, तिथेही हा मजेत असतो.

"पण मासा सोडण्यात वाईट काय?" असं मामांनी विचारलंच. तर अगदी चांगला, भारतातलाच मासा सोडूनही काय होतं ते कावेरीत दिसलं आहे. लोणावळ्याच्या हॅचरीत 1970 च्या दशकापासून निळ्या पंखांच्या महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची पैदास होते. त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशभर गेली, कावेरीतही. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा, नारिंगी पंखांचा, पाठीला मदार असलेला, पन्नास किलोंच्या आसपास जाणारा. कावेरीकाठच्या गलिबोरे या हौशी गळवाल्यांच्या कॅम्पवर 1998 ते 2012 मध्ये पकडून सोडलेल्या सहा हजारांहून जास्त महसीरांच्या नोंदी होत्या. पिंडर, राघवन आणि ब्रिटन या अभ्यासकांनी त्या वह्या तपासल्या. निळ्या पंखांचा दर वर्षी जास्त सापडत गेला, मदारवाला जवळजवळ नाहीसा झाला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं हे सगळंही तिथे होतंच. पण चांगल्या हेतूने सोडलेल्या बोटुकलीकडेही अभ्यासकांनी बोट दाखवलं आहे. आणि या नोंदी गळवाल्यांच्याच. मेसेज लिहिणाऱ्याला गळवाल्यांचा अभिमानच मिरवायचा होता, तर हे लिहायचं होतं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. मेसेज म्हणतो, तळ्यातला मासा कुणाच्या बापाचा नाही. बापाचा नसेल, पण संस्थेचा असतो. आपल्याकडचे बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो, आणि त्यातली रोहू-कटल्याची बोटुकली त्या संस्थेने पैसे मोजून सोडलेली असते. आधी विचारावं. बरेचदा हो म्हणतात, कधी थोडे पैसे घेतात. हिमाचलात तर गळासाठी रीतसर परवाना काढावा लागतो. अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गळ पिशवीबाहेर काढू नये. वर ज्या कॅम्पचं कौतुक केलं, तोसुद्धा कावेरी अभयारण्यात होता म्हणून बंदच झाला.

पावसाळी बंदीचं मात्र, नाइलाजाने सांगतो, मेसेजमध्ये बरंचसं बरोबर आहे. 1 जून ते 31 जुलैची ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक बोटींना आहे, खडकावर गरी टाकून बसलेल्या माणसाला नाही. पण "म्हणून चढणीचे मासे धरा" हे त्यातून कसं निघतं? पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारी मादी गाभोळीने भरलेली असते. रोहूसारख्या माशात किलोमागे लाखांनी अंडी असतात. आजोबाही धरायचे, मान्य आहे. पण त्यांच्या ओढ्यावर चार घरं होती आणि खाली धरण नव्हतं.

पकडून सोडलेला मासा जगतो, हेही खरं, पण तो ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढून, लगेच सोडला तर. तापलेल्या खडकावर टाकून सहा फोटो काढून झाल्यावर नाही. जाळेवाल्यांबद्दल एवढंच, की उजनीच्या फुगवट्यावर मी गांडूळ लावून बसतो तेव्हा दहात आठ वेळा चिलापी (तिलापिया) वर येते. तीही परदेशी, 1952 साली भारतात आणलेली. त्या फुगवट्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी उतरतं. ते काही जाळेवाल्यांनी सोडलेलं नाही.

रविवारी सकाळी सातला पोहोचलो. बादलीवर मामींनी ताट ठेवलं होतं, ताटावर वीट. वीट खाली पडलेली. आत काळपट, बिनखवल्याची अंगं एकमेकांवर सरकत होती, मिश्या वर, मधूनच तोंड बाहेर काढून हवेचा घोट. मामांनी मोजले. "सहा होते रे."

पाच होते.

सहावा गोठ्यामागे, मोरीचं पाणी साचतं त्या चिखलात सापडला. बादलीपासून वीसेक पावलं, ओढ्याच्या दिशेने. मामांनी त्याला काठीने ढोसलं, तर तो वळवळत आणखी हातभर पुढे सरकला.

"फावडं आण," मामा म्हणाले, "आणि चुना कुठे ठेवलाय ते मामीला विचार."