'कपडे घातलेली कुस्ती' आणि एक तिखट प्रतिक्रिया

'कुणाला कुठली मारामारी झेपेल' या माझ्या टवाळ लेखाखाली 'एक जळगावकर' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. लेख वरवरचा आहे, तायक्वांदोचे गुण चुकलेत, मल्लखांब उगाच घुसडलाय, बॉक्सिंग चार ओळींत उरकलंय, महिला पैलवानांचा पत्ता नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: "ज्यूदोला 'कपडे घातलेली कुस्ती' म्हणणाऱ्याने कधी मॅटवर पाय तरी ठेवलाय का?"

जळगावकर महोदय, मुद्दा मांडायला कुणाची ना नाही. पण तो 'पाय तरी' मधला 'तरी' काही घशाखाली उतरेना. शेवभाजीवरची तरी कितीही झणझणीत असो, आम्ही भुरकतो. ही मात्र ठसक्यात गेली.

विचारलंच आहे तर सांगतो. धुळ्यात बारा वर्षं तालमीची माती अंगाला लागली आणि पुढे नऊ वर्षं ज्यूदोच्या गादीवर पंच म्हणून उभा राहिलो. याहून जास्त आत्मचरित्र काढायला लावू नका.

मुळात 'मॅट' म्हटलं की ज्यूदोच, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुस्तीलाही मॅट असते, मधलं वर्तुळ नऊ मीटर व्यासाचं. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. तुमच्याच जिल्ह्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं ती गदा आणली. जळगावकर म्हणवता, मग हे माहीत असायला हरकत नव्हती.

आता 'कपडे घातलेली' या शब्दांवर येतो, कारण तुम्हाला ते उडवाउडवीचे वाटले. धोबीपछाड घ्या. जोडीदाराचा उजवा हात मनगटाशी आणि दंडाशी धरायचा, आत वळून आपली पाठ त्याच्या छातीला भिडवायची, गुडघे मोडून आपली कंबर त्याच्या कमरेखाली न्यायची, हात खांद्यावरून खाली ओढत पुढे वाकायचं. ज्यूदोतला सेओई नागे हा डाव याच घराण्यातला. फसण्याची कारणंही तीच. कंबर वर राहिली की तो मागून कमरेला विळखा घालतो आणि आपणच खाली बसतो. वळणं अर्ध्यावर थांबलं की पाठ आणि छाती यांत फट राहते, मग नुसता खांदा दुखतो, माणूस उचलला जात नाही.

फरक पडतो तो पकडीत. ज्यूदोत जाड कापडाची बाही आणि गळपट्टी हातात असते. वळण थोडं कमी पडलं तरी कापडाच्या ओढीवर निभावतं. लंगोटावरच्या पैलवानाला ही सोय कुठली? घामेजलेला दंड साबणाच्या वडीसारखा सुटतो. म्हणून तर कुस्तीत मूठभर माती उचलून समोरच्याच्या मानेला, दंडाला चोळतात. लोकांना ती नमस्काराची रीत वाटते, पण खरं काम पकड बसवण्याचं. ज्यूदोगी, म्हणजे ज्यूदोचा तो जाड पोशाख, जे काम करते तेच आमच्याकडे माती करते. हे एवढं तीन शब्दांत बसवायला गेलो आणि तुम्ही पाय मोजायला बसलात.

मातीचं निघालंच आहे तर ऐका. आपल्या खानदेशातली काळी कपाशीला सोनं, कुस्तीच्या हौदाला कुचकामी. ओली झाली की चिकटते, पाय रुततो आणि वरचं अंग वळलं की गुडघा पिरगळतो. वाळली की ढेकळं होतात. म्हणून तांबडी माती आणून चाळतात. त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस. तेल जास्त झालं की पकड जाते, ओल कमी पडली की धूळ डोळ्यांत आणि कोपरं सोलतात. रोज खणायची, कारण दाबून बसलेल्या मातीवर पडणं आणि फरशीवर पडणं यांत फारसा फरक नाही.

हां, गळा आवळणं आणि कोपर उलटं ताणणं ज्यूदोत चालतं, मातीत चालत नाही, हे लेखात नव्हतं. पाठीवर दाबून वीस सेकंद धरलं तरी इप्पोन, म्हणजे थेट विजय, मिळतो, हेही नव्हतं. मातीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, घड्याळ बघायला कुणी थांबत नाही. शिवाय २०१० पासून जागतिक ज्यूदोत थेट पायाला हात घालण्यावर बंदी येत गेली, म्हणजे पट काढायची सोय गेली. कुस्तीतून पट काढून घेतला तर पैलवानाला निम्मे डाव विसरावे लागतील. एवढं खरं की दोन्ही खेळ एकच नाहीत. पण एकच आहेत असं म्हटलं कुणी होतं? टवाळीत उपमा असते, सातबारा नसतो.

तायक्वांदोचं मात्र मान्य. छातीवर गिरकी घेऊन मारलेल्या लाथेचे मी ३ गुण लिहिले. रियो ऑलिंपिकच्या वेळी ३ होते, आता ४ आहेत. साध्या लाथेचे छातीवर २, डोक्यावर ३, गिरकीची लाथ डोक्यावर बसली तर ५, ठोशाचा १. चूक माझीच. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही, चूक ती चूक.

बॉक्सिंग चार ओळींत उरकलं कारण मला चारच ओळी सुचल्या. मल्लखांबाला मी मारामारी म्हटलेलंच नाही. एरंडेल चोळलेल्या खांबाशी भांडून कोण जिंकलंय? महिला कुस्तीवर वेगळं लिहायचंय, सगळं एकाच ताटात वाढायला ही काही आखाजीची पंगत नाही.

राहिलं 'सुशिक्षित माणसाने जबाबदारीने लिहावं' हे तुमचं शेवटचं वाक्य. भाऊ, पुढच्या वेळी नाव लावून लिहा, मग जबाबदारीचं बघू.

तायक्वांदोची ओळ दुरुस्त केली आहे. 'कपडे घातलेली कुस्ती' तशीच राहील.