मिलम ओस पडलं ते कशामुळे?

नमस्कार. उत्तराखंडात तिबेटच्या सीमेजवळ जोहार खोऱ्यात मिलम हे गाव आहे. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, तिथे काही पिकत नव्हतं, शिवाय आरक्षणातल्या नोकऱ्या मिळाल्या म्हणून लोक उठून गेले, मग उगाच गळे कशाला काढायचे? दुसरा, तिबेटात चोरून जाऊन मोजणी करणाऱ्या मिलमच्या नैनसिंह रावतांचं कौतुक करताना ते इंग्रजांचे हेर होते हे मी सौम्य करून सांगितलं.

पिकत नव्हतं हे खरंच. इतक्या उंचीवर जव नि फाफराचं (म्हणजे कुट्टूचं) वर्षाकाठी एखादं पीक निघतं. पण जोहार खोऱ्यातल्या शौका लोकांचं पोट शेतीवर होतंच कुठे? ते होतं तिबेटच्या व्यापारावर. धान्य, गूळ, कापड वर न्यायचं आणि मीठ, टाकणखार, लोकर खाली आणायची. माल शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर. प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी पिशव्यांची जोडी, तिला करबच म्हणतात. कळप वाटेत चरतच चालायचा, त्यामुळे वैरण वाहून न्यायची कटकट नाही. मिलमच्या पुढे उंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी अशा लागोपाठ तीन खिंडी. त्या ओलांडल्या की तिबेट. तिथे प्रत्येक घराण्याचा ठरलेला व्यापारी 'मित्र' असे आणि ते नातं बापाकडून मुलाकडे जाई. हिवाळ्यात हीच मंडळी खाली उतरून बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत माल विकत.

१९६२ च्या युद्धाने सीमा बंद झाली आणि हा सगळा धंदा बसला. भोटियांना (शौका त्यांतलेच) अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला १९६७ साली. आता कशामुळे काय झालं ते तुम्हीच ठरवा.

राहिले नैनसिंह. हेर होते, बिनशर्त मान्य. वेश पालटून, खोटं नाव सांगून गेले, पगार सर्वेक्षण खात्याचा घेतला. १९०४ मध्ये इंग्रजांची फौज ल्हासात शिरली, तेव्हा नकाशावर ते शहर नेमकं कुठे आहे हे ठाऊक होतं, त्यात यांचा वाटा होताच. पण इंग्रज मिलमच्याच माणसाकडे का आले? गोऱ्या माणसाला तिबेटात मज्जाव होता. जोहारींना तिथली भाषा यायची, रीतिरिवाज अंगवळणी पडलेले होते. डेहराडूनला शिकवलं ते मोजमाप. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवलेले, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. दोन हजार पावलांचा मैल, म्हणजे माळेचा एक फेरा पुरा झाला की पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले. असं मोजत ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं. हेरगिरीला नावं ठेवा, हरकत नाही. पण त्या पायपिटीमागे पिढ्यान्‌पिढ्यांची तिबेटची ओळख होती आणि ती जोहारची होती, साहेबाची नव्हे.

आणि मिलम पूर्ण ओसाडही नाही. उन्हाळ्यात काही कुटुंबं अजून वर जातात, थोडी शेती करतात. व्यापार मात्र गेला तो गेलाच. १९९२ मध्ये पूर्वेकडच्या लिपुलेख खिंडीतून तिबेटशी मर्यादित देवघेव पुन्हा सुरू झाली, तेव्हाही जोहारच्या खिंडी बंदच राहिल्या.