बोचके कुठे सोडावे?

युनिक्स या संगणकप्रणालीवर बांधून आलेल्या फायली सोडवणे हे काम इतके किरकोळ मानले जाते की त्याला कोणी काम म्हणत नाही आणि त्यात गेलेला वेळ टाइमशीटमध्ये कोणत्या रकान्यात दाखवावा, हेही कोणी सांगत नाही. माझी मागणी साधी असते. फायली बांधणाऱ्या-सोडवणाऱ्या टार या कमांडने केलेली फाइल एका डिरेक्टरीत आहे, मीही तिथेच आहे, आणि तिच्यातील ऐवज मात्र दुसऱ्या डिरेक्टरीत जायला हवा. परंतु टारचा स्वभाव लांबून आलेल्या पाहुण्यासारखा आहे. तो पोचेल तिथेच बोचके सोडतो.

याला त्याचे कूळ कारणीभूत आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर टार आला तो चुंबकीय टेपसाठी, आणि ५१२ बाइटचे वीस ठोकळे एका दमात लिहिण्याची सवय त्याला टेपने लावली. टेप गेली, सवय राहिली. आजही ग्नू टारला, म्हणजे ग्नू प्रकल्पाच्या टारला, एका अक्षराची फाइल बांधायला दिली, तर तो १०,२४० बाइटचा गठ्ठा हातात ठेवतो.

कॉपी करण्याच्या कमांडला मुक्कामाचे ठिकाण शेवटी सांगितलेले चालते, म्हणून आमच्या कार्यालयात नव्याने आलेल्या एका मुलीने टारलाही तसेच सांगितले. हे आर्काइव्हमध्ये, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यात, सापडले नाही, असे टारने कळवले.

"सर, डिरेक्टरी तर समोर दिसते आहे!"

दिसते खरी, पण टारच्या लेखी शेवटी लिहिलेले नाव हे ठिकाण नसून आतून काढायच्या वस्तूचे नाव असते, आणि तशी वस्तू आत नसल्यामुळे तो प्रामाणिकपणे हात वर करतो. ठिकाण सांगायचे असेल, तर त्याआधी मोठा सी लिहावा लागतो. हाच मोठा सी झिप फायली सोडवणाऱ्या अनझिपला दिला, तर नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाहू नये असा अर्थ तो घेतो, कारण ठिकाणासाठी त्याला लहान डी लागतो. ही दोन घराणी एकाच कीबोर्डवर नांदतात आणि त्यांच्यातले मानपान आपण सांभाळायचे.

लहान सीची गोष्ट आणखी निराळी. तो नवे आर्काइव्ह बांधतो. सोडवण्याचा हुकूम देणाऱ्या एक्सच्या जागी तो पडला आणि पुढे डिरेक्टरीचे नाव असले, तर टार आलेल्या फायलीवरच निमूटपणे नवे आर्काइव्ह लिहून मोकळा होतो. पुढे काहीच नाव नसले, तर मात्र ग्नू टार जाहीर करतो की रिकामे आर्काइव्ह तयार करण्यास तो भ्याडपणे नकार देत आहे. ज्या राज्यात आरएम ही कमांड सांगितल्याबरोबर अख्खी डिरेक्टरी पुसते, तिथे स्वतःच्या भित्रेपणाची एवढी स्वच्छ कबुली देणारा सज्जन मला दुसरा भेटलेला नाही.

मोठा सी योग्य जागी बसला तरी डिरेक्टरी आधीपासून असावी लागते. आर्काइव्हच्या आतल्या डिरेक्टरीत डिरेक्टरी, तिच्यात आणखी एक, अशी कितीही उतरंड टार विनातक्रार उभी करतो. सर्वांत वरची एक तेवढी आपण एमकेडीआयआरने करून द्यायची. शिवाय पाठवणाऱ्याने फायलींची नावे थेट मुळापासून, म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेसकट बांधली असतील, तर ग्नू टार ती रेघ काढतो आणि काढल्याचे सांगतोही. काही जुन्या युनिक्सवरचा टार मात्र तुमच्या मोठ्या सीला न जुमानता त्या फायली मूळ पत्त्यावर नेऊन ठेवतो आणि तिथे आधी असलेल्या फायलींवर बसवतो. म्हणून टी एफ देऊन आत काय आहे, हे मी आधी वाचतो. पाठवणाऱ्याच्या सुसंस्कृतपणाचा अंदाज त्या यादीच्या पहिल्या चार ओळींतच येतो.

टारसारखेच काम करणाऱ्या सीपीआयओला बराच काळ असला पर्यायच नव्हता. त्याच्यासाठी आपणच मुक्कामी जाऊन उभे राहायचे. खरे तर टारच्या बाबतीतही हीच युक्ती सर्वत्र चालते: कंसात डिरेक्टरी बदलणारी सीडी, मग टार आणि आर्काइव्हचा पूर्ण पत्ता, म्हणजे काम उरकल्यावर आपण होतो तिथेच असतो. फक्त दोन्हींच्या मध्ये दोन अँपरसँड लिहावेत, अर्धविराम लिहू नये. डिरेक्टरीच्या नावात एक अक्षर चुकले की सीडी तक्रार करून थांबते, अर्धविरामापलीकडच्या टारला त्या तक्रारीशी काही देणेघेणे नसते, आणि तो पुन्हा आपल्याच पायाशी सगळे बोचके सोडतो.