गावाने नाही म्हटलं तर

वुडसाइड हे सिलिकॉन व्हॅलीजवळच्या डोंगरउतारावरचं गर्भश्रीमंत गाव. २०२२ च्या सुरुवातीला या गावाने जाहीर केलं, की आमची अख्खी हद्द हा माउंटन लायन या मोठ्या जंगली मांजराचा अधिवास आहे, सबब नव्या कायद्याखाली इथे घरं बांधता येणार नाहीत. हा कायदा म्हणजे बंगल्याच्या एका प्लॉटवर चार घरांपर्यंत मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा एसबी ९. तो त्याच १ जानेवारीला लागू झाला होता. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचं पत्र आलं आणि वुडसाइडने मुकाट माघार घेतली.

यावर आम्ही सिलिकॉन व्हॅलीतले मराठी लोक पोट धरून हसलो. आमच्या क्युपर्टिनो शहरातल्या व्हॅल्को मॉलचा विषय निघाला, की मात्र तेच चेहरे गंभीर होतात. त्या ओस पडलेल्या मॉलच्या जागी २,४०२ घरं, त्यातली निम्मी परवडणारी, असा प्रस्ताव २०१८ मध्ये एसबी ३५ या राज्याच्या कायद्याखाली आला. नियमांत बसणारा असा प्रस्ताव शहराला अडवताच येत नाही, त्यामुळे मंजुरी द्यावी लागली. २०२० मध्ये कोर्टानेही ती उचलून धरली. (मंजुरीनंतर वर्षं उलटली तरी तिथे घरं नव्हती, तो भाग वेगळा.) कौन्सिलच्या सभेत माइकसमोर तीन मिनिटं मिळाली, की आपलेच काका ट्रॅफिक आणि शाळांवरचा ताण यावर तावातावाने बोलतात. त्याच शाळांत शिकवणाऱ्या बाई पहाटे ट्रेसीहून अल्टामाँट खिंड ओलांडून येतात. इथे घर परवडत नाही म्हणून त्या तिकडे, आणि तिकडे राहतात म्हणून इथे त्यांना मत नाही. गावाच्या नियमाची झळ अशी गावाबाहेरच्यांना बसत असेल, तर राज्याने खुशाल मध्ये पडावं.

पण मध्ये पडायची रीत असते. इथे राज्य प्रत्येक शहराला आठ वर्षांसाठी घरांचा आकडा देतं आणि ती कुठे बसवायची हे आधी शहरालाच ठरवू देतं. शहराने टाळाटाळ केली, की मग बडगा. कायदा विधिमंडळात उघड चर्चा होऊन झालेला असतो आणि तो सगळ्या शहरांना लागू होतो.

आपल्याकडे पुण्याचा विकास आराखडा राज्याने २०१५ मध्ये महापालिकेकडून काढून घेतला. मुदत पालिकेनेच घालवली होती, त्यामुळे त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. खटकतं ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४५१. त्याखाली महापालिकेचा ठराव राज्य सरकार विखंडित करू शकतं; विधिमंडळात जायची गरज नाही, मंत्रालयातली फाइल पुरते. त्याहून कहर म्हणजे मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकच होते. रद्द करायला ठराव तरी कुणाचा होता? शहरांच्या निवडून आलेल्या पालिकांना घटनेत स्थान देणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे म्हणतात.

पुण्यातला माझा भाऊ यावर म्हणतो, "आमचे नगरसेवक काय धुतल्या तांदळाचे आहेत?" नाहीत. क्युपर्टिनोचेही नाहीत. पण त्यांना पाडायला मला नोव्हेंबरमध्ये घरपोच मतपत्रिका येते. नगरविकास खात्यातल्या अवर सचिवाला भाऊ कसा पाडणार?